‘ळ’च्या शोधात मुंबईतले पाच दिवस

गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक काम आले. लहान मुलांसाठी मुळाक्षरांचे पुस्तक करायचे होते आणि त्यातले एकही अक्षर छापील ठशाचे न वापरता सगळी अक्षरे हाताने रेखाटायची होती. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत, म्हणजे पानेही ५२. साताऱ्यात गेली वीस वर्षे मुखपृष्ठांची, लग्नपत्रिकांची आणि दुकानांच्या पाट्यांची अक्षरे मी लिहीत आले आहे, त्यामुळे हे काम दोन महिन्यांत हातावेगळे होईल असे मी धरून चालले होते. माघ संपला तरी एकोणीस पानांच्या पुढे सरकता आले नाही. अक्षर सुबक येत होते, रेषा स्वच्छ पडत होती, पण रात्री केलेले अक्षर सकाळी पाहावे तर त्यात जीव नसे. ज्यांनी काम दिले होते त्यांनी नमुन्याची पाने परत पाठवताना लिहिले की, ही अक्षरे संगणकावरच्या अक्षरांसारखीच दिसतात. ते खरे होते, म्हणूनच ते मला फार लागले.

सगळ्यांत वाईट अवस्था ‘ळ’ची होती. ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून आपण ‘ळ बाळाचा’ म्हणतो आणि बाळाचे चित्र काढून मोकळे होतो. चित्र बाळाला मिळते, अक्षराला स्वतःचे असे काहीच मिळत नाही. दोन सारखी वर्तुळे शेजारी ठेवून वरून एक दांडी सोडली की ‘ळ’ होतो, असे मी तीस-चाळीस वेळा करून पाहिले आणि तीस-चाळीस वेळा तो कागद फाडला. अखेरीस टेबलाशी बसून राहण्यात अर्थ नाही असे ठरवून मी गिरगावातल्या मावशीला फोन केला, पाच दिवस राहायला येते म्हणून सांगितले आणि बरोबर फक्त दोन वह्या, पेन्सिली आणि बोरू घेतले. प्रदर्शने पाहायची नाहीत, पुस्तके चाळायची नाहीत. जिथे माणसे आपल्या रोजच्या कामासाठी अक्षरे, खुणा आणि आकार करतात तिथेच जायचे आणि एका जागी पुष्कळ वेळ थांबायचे, एवढेच ठरवले होते.

पहिला दिवस, मंगळवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईत शिरते तेव्हा नुकते उजाडलेले असते. दादर सुटल्यावर गाडी संथ झाली आणि खिडकीतून स्थानकांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. ‘परळ’ आणि त्याखाली हिंदीत ‘परेल’, पुढे ‘भायखळा’ आणि त्याखाली ‘भायखला’. आजवर शेकडो वेळा हे वाचले असेल, पण एकाच फलकावर आपला ‘ळ’ असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपे शेजारी उभी आहेत हे त्या सकाळी पहिल्यांदा दिसले. हिंदीतल्या नावाचा उच्चार मनात केला की ते गाव दुसऱ्याच कुणाचे तरी वाटते. वहीत पहिली नोंद झाली ती ही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर मी लगेच बाहेर पडले नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७८ साली बांधायला घेतली आणि तिला दहा वर्षे लागली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. या गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतात. मला पाहायची होती ती खांबांच्या माथ्यावरची आणि कमानींच्या कडांवरची दगडातली पाने. हे कोरीवकाम सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. त्यांच्यासमोर नमुने युरोपातल्या गॉथिक इमारतींचे होते, तरी दगडात उतरली ती इथली झाडे, इथले पक्षी आणि इथले प्राणी. एका पानाची कड मी निरखून पाहिली. ते पूर्ण उमललेले नाही, टोकाशी किंचित वळलेले आहे, जसे उन्हात कोवळे पान वळते. ज्याने ते कोरले त्याने असे पान झाडावर पाहिले असणार, नुसत्या नमुन्याच्या वहीवरून ते वळण यायचे नाही. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि मला कुणी धक्काही दिला नाही, ही मुंबईची रीत मला फार आवडते.

मावशीची चाळ तीन मजल्यांची आहे. गिरगावातल्या अशाच चाळींमधून, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली, मुंबईचा सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मावशीची चाळ तितकी नामवंत नाही, पण तिच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी फलक आहे आणि त्यावर बिऱ्हाडकरूंची नावे रंगवलेली आहेत. हा फलक एका हाताने एका दिवसात झालेला नाही. जुनी नावे जाड, डौलदार आणि पिवळसर पांढऱ्या रंगात आहेत. मधली घाईत केलेली आहेत. दोन जागी जुन्या नावावर रंग फासून त्यावर नवे लिहिले आहे आणि तिरप्या उजेडात खालचे नाव अजून वाचता येते. जागा कमी पडली म्हणून एका आडनावाची वेलांटी वरच्या ओळीतल्या उकारात जाऊन बसली आहे. ते पाहताना माझ्या लक्षात आले की मी माझ्या प्रत्येक अक्षराला कोऱ्या पानाची सगळी जागा देत होते, त्याला कुणाशी जुळवून घ्यावे लागतच नव्हते. संध्याकाळपर्यंत मी जिन्यात बसून तो फलक उतरवला. मावशी दोनदा चहा घेऊन खाली आली आणि दुसऱ्या खेपेस म्हणाली, “अगं, चाळीस वर्षं मी याच्यासमोरून वर-खाली करते, कधी नीट पाहिलं नाही बघ.”

दुसरा दिवस, बुधवार

साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांची वर्गवारी चालते. चर्नी रोडहून लोकलने दोन स्थानके गेले आणि फूटपाथच्या कडेला उभी राहिले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या कामात बहुतेक माणसे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतली आहेत. लाकडी पाट्या डोक्यावरून उतरतात, डबे जमिनीवर येतात, काही मिनिटे नुसते हात हलताना दिसतात आणि बघता बघता सगळे डबे वेगवेगळ्या पाट्यांत बसलेले असतात.

मला त्या डब्यांच्या झाकणांवरच्या खुणा पाहायच्या होत्या. मधोमध एक मोठा आकडा असतो, तो डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा ते सांगतो. एका बाजूला डबा जिथून निघाला त्या उपनगराची अक्षरे, आणि दुसऱ्या बाजूला पोचवणाऱ्या माणसाचा क्रमांक, इमारतीची खूण आणि मजला. पत्ता नाही, गिऱ्हाइकाचे नाव नाही. सुरुवातीच्या काळात पुष्कळ डबेवाल्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तेव्हा रंगीत दोरे आणि चिंध्या बांधून ओळख ठेवत. रंगाने काढलेली खूण नंतरची. पांढरी टोपी घातलेले एक वयस्क काका पाट्या भरून झाल्यावर घटकाभर टेकले होते, त्यांना मी विचारले की, हे आकडे कोण रंगवते. ते म्हणाले, “आम्हीच की ताई. ब्रश घ्यायचा आन् काढायचा. पन हात लांब करून धरल्यावर, चालता चालता वाचता आला पायजे. थांबून वाचावा लागला तर त्यो आकडा चुकला.”

हे वाक्य मी तिथेच लिहून घेतले. त्यांच्या डब्यावरचा तीन मी जवळून पाहिला. त्याचा वरचा गोल लहान, खालचा मोठा आणि उघडा होता. रंग ओघळला तरी त्याचा आठ होऊ नये म्हणून तोंड मुद्दाम रुंद ठेवले होते. त्या आकड्याचे सौंदर्य या काळजीतून आले होते. लेखणीची फेक आणि वळणाचा डौल यांवर मी वर्षानुवर्षे बोलत आले आहे, आणि एखादे अक्षर कशाशी गल्लत होऊ नये म्हणून असे झाले आहे, याचा विचार मी फार क्वचित केला होता. पाच वर्षांच्या मुलाची ‘घ’ आणि ‘ध’ यांत, ‘भ’ आणि ‘म’ यांत जी गल्लत होते ती माझ्या पुस्तकात होणार की नाही, हा प्रश्न मला तिथे, फूटपाथवर पडला. घरी जाऊन त्या चारही अक्षरांची तोंडे मी पुन्हा उघडी केली, आणि ती चार पाने त्या रात्रीच झाली.

दुपारी काळबादेवीतून पायी फिरले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली सुरू झाला तो याच भागात. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी आणि काना-मात्रांसाठी शेकडो निरनिराळे ठसे लागत, आणि त्यांचे आकार पोलादावर उलटे कोरणारे कारागीर इथल्याच गल्ल्यांत घडले. संगणकावरच्या ज्या ‘मंगल’ अक्षरांना मी मनात नावे ठेवत असते तीदेखील र. कृ. जोशी यांच्यासारख्या, आयुष्यभर हाताने अक्षर काढणाऱ्या माणसाने केलेली आहेत, त्यामुळे दोष त्या अक्षरांचा नाही. ती पडद्यावर बारीक आकारात वाचता यावीत म्हणून तशी आहेत. मी मात्र तशी गरज नसताना त्यांच्यासारखी काढत होते.

तिसरा दिवस, गुरुवार

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून आज गेले. प्रदर्शन पाहायचे नाही हा माझाच नियम मी इथे मोडला, कारण इथे मातीच्या छोट्या मूर्तींमधून मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांची आणि धंद्यांची माणसे दाखवलेली आहेत. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत त्या काळच्या मुंबईतली रोजची माणसे काचेमागे उभी आहेत, आणि पागोटे कसे बांधले आहे, ओझे कोणत्या खांद्यावर आहे याची नोंद त्यांत आहे. बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. तासाभरात मी बाहेर पडले, कारण आजचे खरे काम लालबागला होते.

फाल्गुन लागला की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मुंबईभरच्या बायका येऊ लागतात. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी संकेश्वरी आणि लवंगी अशा मिरच्यांचे ढीग असतात, आणि प्रत्येक ढिगात पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले नाव आणि भाव खोवलेले असतात. गल्लीत पाऊल टाकले की आधी शिंक येते, मग डोळे भरतात आणि मग सवय होते. मिरच्यांचे देठ काढून, धने, खोबरे, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल असे जिन्नस वेगवेगळे भाजून सगळे डंखावर कुटायला देतात. लोखंडी मुसळे वर उचलली जातात आणि आपल्याच वजनाने उखळात पडतात. दळले की मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो, कुटला की तो टिकतो, असे तिथल्या सगळ्या बायका सांगतात, आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून नाकाला पदर लावून त्या डंखाशेजारीच उभ्या राहतात.

मी एका डंखासमोर दीड तास उभी होते. मुसळ वर जाताना हलके जाते, क्षणभर थांबते आणि खाली येताना सगळे वजन घेऊन येते. शेजारचे मुसळ त्याच वेळी वर जात असते. धप्प, मग मोकळी जागा, मग धप्प. माझी पेन्सिल नकळत त्या तालावर वहीत उभ्या रेषा मारू लागली. माझ्या काना-दांड्या वरपासून खालपर्यंत एकाच दाबाच्या होत्या, तिथे वजन कुठे पडते हेच दिसत नव्हते. आता रेषा वर हलकी सुरू होऊन तळाशी टेकताना जड होऊ लागली. पाने भरत गेली. एका बाईंनी वहीत डोकावून विचारले, “हे काय, नुसत्याच रेघा?” मी त्यांना डंख दाखवला. त्या थोडा वेळ डंखाकडे आणि थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हां, पडतंय खरं तसंच.” त्यांचे माहेर गिरणगावातले होते, वडील गिरणीत होते आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा कधी साच्यावर गेले नाहीत. त्या संपाच्या पुढच्या उन्हाळ्यापासून आईने घरोघरी मसाला करून विकायला सुरुवात केली, असे त्यांनी सांगितले. मसाल्याचे प्रमाण त्यांना तोंडपाठ होते आणि कुठेही लिहिलेले नव्हते. मी ते लिहून घेऊ का, असे विचारल्यावर त्यांनी आनंदाने सांगितले, पण ते त्यांचे आहे, म्हणून इथे देत नाही.

चौथा दिवस, शुक्रवार

पहाटे पाचला ससून डॉकला पोचले. कुलाब्याची ही गोदी १८७५ सालची. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात बर्फाचा चुरा, ओल्या फरशा, लिलावाचा गलका आणि डोक्यावरून पाणी निथळणाऱ्या पाट्या यांतून वाट काढायची, तर आधी इतरांच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकावे लागते. मी एका भिंतीला लागून बसले. समोर करंदी सोलणाऱ्या बायकांची रांग होती. डोके मोडणे, साल सोलणे आणि गर टोपलीत टाकणे या तीन हालचाली इतक्या जुळलेल्या होत्या की मोजू गेले तर मोजता येत नव्हत्या. बोटींच्या पुढच्या अंगावर रंगवलेली नावे उजाडल्यावर वाचता आली. देवांची नावे होती, आईवडिलांची होती, आणि समुद्राच्या पाण्याने झिजून दर वर्षी पुन्हा गिरवल्यामुळे अक्षरांच्या कडा जाड झाल्या होत्या.

सहा वाजून गेल्यावर एक बोट धक्क्याला लागली. खलाशाने दोर फेकला, धक्क्यावरच्या माणसाने तो झेलला आणि जवळजवळ उभ्या असलेल्या दोन लोखंडी खुंटांना तो बांधू लागला. पहिल्या खुंटाला बाहेरून वळसा, दोन्हींच्या मधून पलीकडे, दुसऱ्या खुंटाला वळसा, पुन्हा मधून अलीकडे. तीन-चार वेढे झाले. बोटीकडे जाणारा दोर ताणलेला, सरळ वर चढत गेलेला. वरून प्रकाश पडत होता आणि माझ्यासमोर जमिनीवर ‘ळ’ पडलेला होता.

मी उठून अगदी जवळ गेले. दोन्ही वेटोळी सारखी नव्हती. बोटीचा ओढा ज्या खुंटावर येत होता तिथला वेढा खुंटाला घट्ट चिकटला होता, दोराचे पीळ दबून चपटे झाले होते आणि त्यातून पाणी झिरपत होते. दुसऱ्या खुंटावरचा वेढा सैल, गोल आणि मोठा होता. तो फक्त पहिल्याला सुटू देत नव्हता. लाट आली, बोट हलली, वरचा दोर करकरला, घट्ट वेढा आणखी घट्ट झाला आणि सैल वेढा तसाच राहिला. माझे ‘ळ’ का मेलेले होते ते इथे कळले. दोन्ही वर्तुळे मी सारखी करत होते, त्यामुळे वरून आलेली दांडी त्यांना ओढत आहे असे कधी वाटतच नव्हते. त्या अक्षरात कुठेच ताण नव्हता.

वहीची अकरा पाने त्या दोन खुंटांवर गेली. तिथून जाणाऱ्या एका कोळीणबाईंनी पाटी खाली न ठेवताच विचारले, “काय लिवतेस गो बाय?” मी म्हटले, “ळ काढते, मावशी. कोळ्यातला ळ.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “जाल्यातला पन तोच.” त्यांच्या बोलीत ‘जाल्यातला’ असाच उच्चार आला, ‘ळ’ नव्हताच, आणि तरी अक्षर कोणते ते त्यांना नेमके ठाऊक होते. मी तेही लिहून ठेवले आहे.

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली, पण झोप येईना. प्रतिभा अचानक येते असे आपण म्हणतो. मला त्या सकाळी आलेला अनुभव तसा नव्हता. तीस-चाळीस फाटलेले ‘ळ’ हातात होते म्हणून तो दोर मला दिसला. चार महिन्यांपूर्वी मी इथे आले असते तर बोट पाहिली असती, मासे पाहिले असते आणि दोर ओलांडून पुढे गेले असते.

पाचवा दिवस, शनिवार

आज कुठे गेले नाही. सकाळपासून गॅलरीत चटई टाकून बसले आणि दुपारपर्यंत सात अक्षरे झाली. शेजारच्या बिऱ्हाडातली पहिलीतली मुलगी येऊन बसली, तिला मी ‘ळ’ दाखवला आणि काहीही सांगितले नाही. तिने बोट ठेवून तो गिरवला, घट्ट वेढ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “इथे बांधलंय.” मी तिला वहीचे एक पान दिले.

रात्रीच्या गाडीसाठी सामान आवरत असताना मावशी स्वयंपाकघरात माझ्यासाठी डबे भरत होती. मदतीला गेले तेव्हा फळीवरचे डबे प्रथमच नीट वाचले. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर शाईने तिने लिहिले होते: तांदूळ, डाळ, गूळ, तीळ, कुळीथ. पाच दिवस मी त्या फळीखाली जेवत होते. तिचे वडील काळबादेवीच्या एका पेढीवर मोडीत हिशेब लिहीत आणि त्यांनीच तिच्या हातात लहानपणी बोरू दिला होता. तिच्या ‘ळ’मध्ये दांडी आणि वेटोळी वेगळी नाहीत, वरून आलेला हात न उचलता डावीकडे लहान वळसा घेतो, उजवीकडे मोठा घेतो आणि तसाच पुढच्या अक्षराकडे निघतो.

मी बोरू आणि दौत काढून तिच्यासमोर ठेवली आणि एकदा लिहून दाखव म्हटले. तिने हात पदराला पुसले, कागद तिरका केला आणि तीनदा लिहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता कुळिथाचा डबा वर ठेव, नाहीतर पिशवीत सांडेल.” तो कागद मी वहीत न ठेवता वेगळा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून घेतला आहे. अजून ‘ञ’ आणि ‘ङ’ राहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी वैशाखात, मसाल्याची गर्दी ओसरल्यावर, पुन्हा यायचे ठरले आहे.